बग ४७ कुठे गेला?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच गावाला जाणारी निघाली: लिहिलेला कोड सगळ्यांसाठी खुला करायचाय, तर तो ठेवायचा कुठे? पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय. बाकीच्या दोघांनी रागावू नये.

प्रश्न : नमस्कार ताई. मी कराडचा, मराठीचा निवृत्त शिक्षक. गेली चार वर्षं मी आणि माझे तीन माजी विद्यार्थी मिळून शुद्धलेखन तपासणारा मराठी कोश तयार करतोय, लिब्रेऑफिसमध्ये आणि फायरफॉक्समध्ये चालेल असा. साडेसत्तावीस हजार शब्द झालेत, प्रत्ययांच्या नियमांची फाइल वेगळी आहे. आजवर सगळं एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर आहे. चुका कळवणारे माझ्यासारखेच निवृत्त शिक्षक आणि दोन मुद्रितशोधक. ते वहीत लिहितात आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. आता हे काम ओपन सोर्स करायचं ठरलंय. कोड ठेवायच्या सेवा इंटरनेटवर बऱ्याच. थोरला म्हणतो गिटहब. धाकटी म्हणते, मायक्रोसॉफ्टच्या ओसरीवर आपली मराठी कशाला, कोडबर्गवर ठेवू. तिसरा म्हणतो गिटलॅब, कारण त्याच्या कंपनीत तेच आहे. भांडून झाल्यावर तिघांनी निर्णय माझ्यावर टाकलाय. मला गिट म्हणजे काय एवढं आत्ता कुठे कळलंय. काय करू?

उत्तर : सर, आधी माझी एक फजिती ऐका.

मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला होते तेव्हाची गोष्ट. श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये हवा असला की गिऱ्हाईक म्हणायचं, 'पुन्हा टाइप करा.' वैतागून मी आणि दोन मित्रांनी एक छोटा कन्व्हर्टर लिहिला. जुन्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. म्हणजे 'आर्थिक'मधली ऱ्हस्व वेलांटी थ च्या आधी आणि रफार थ च्या नंतर. युनिकोडला बरोब्बर उलटं लागतं. मग वेलांटी थ च्या पुढे न्यायची, रफार मागे आणायचा. हे दोन बदल चुकीच्या क्रमाने केले की रफाराला मागे थ सापडत नाही, वेलांटी सापडते, आणि तो जागच्या जागी बसून राहतो. शब्द होतो 'आथिर्क'. जुन्या बातम्या इंटरनेटवर वाचताना 'आथिर्क', 'वाषिर्क' बघून तुम्ही कपाळाला हात लावला असेल, त्याचं कारण हे.

तो कोड आम्ही त्या काळी मोफत असलेल्या एका सेवेवर ठेवला. नाव सांगत नाही. लोक चुका कळवायचे, तिथेच चर्चा व्हायची, प्रत्येक तक्रारीला नंबर पडायचा. कोडमधल्या एका विचित्र दिसणाऱ्या ओळीवर मी शेरा मारून ठेवला होता: 'ही ओळ काढू नये. बघा बग ४७.' काही वर्षांनी ती सेवा बंद झाली. बंद होणार असल्याची ईमेल आली होती, मी उघडली नव्हती. पण कोड तिघांच्याही मशीनवर होता, त्यामुळे मी निर्धास्त. आम्ही तो नव्या ठिकाणी नेला, तिथे एक हुशार मुलगा मदतीला आला. त्याने विचारलं, 'मॅडम, या ओळीचा काही उपयोग दिसत नाही. बग ४७ काय होता?' मला आठवेना. मित्रांना आठवेना. मी म्हटलं, काढून टाक.

दीड महिन्याने एका छापखान्यातून फोन. अख्ख्या दिवाळी अंकात 'वार्षिक'चं 'वाषिर्क' झालेलं, आणि अंक छापून बांधून तयार. त्यांच्या फाँटात वेलांटी आणि रफार मिळून एकच जोडखूण होती. ती ओळ तेवढ्यासाठीच होती. बग ४७ तोच. त्या छापखान्याच्या मालकांनी मला जे ऐकवलं ते या सदरात लिहिता येणार नाही.

आता तुमच्या तिघांच्या भांडणाकडे येते. गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, ही एक गोष्ट आणि ते काम इंटरनेटवर ठेवू देणाऱ्या गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग या सेवा ही दुसरी, हे तुम्हाला कळलंय, उत्तम. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, सांभाळायला लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहिलं, आणि त्याची मोठी खुबी अशी की प्रत्येकाच्या प्रतीत पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास असतो. कोणत्या तारखेला कोणी कोणता शब्द घातला, कोणता काढला, सगळं. त्यामुळे कोड हलवणं म्हणजे बिऱ्हाड हलवण्यासारखं आहे. भांडीकुंडी टेम्पोत भरली की झालं. पण पत्ता टेम्पोत येत नाही आणि शेजारही येत नाही. लोकांनी कळवलेल्या चुका, त्यावर झालेले वाद, 'हे असं का ठेवलं' याची उत्तरं, लोकांनी आपापल्या लेखांत दिलेले तुमचे दुवे, हे सगळं गिटच्या बाहेर, त्या सेवेच्या भिंतींवर लिहिलेलं असतं.

आणि घरमालक बदलतात, हे या धंद्यात नेहमीचं आहे. सोर्सफोर्ज १९९९ मध्ये आलं, एके काळी ओपन सोर्स म्हणजे सोर्सफोर्ज असं समीकरण होतं. पुढे डाउनलोडबरोबर भलतीच सॉफ्टवेअरं गळ्यात मारण्याच्या प्रकारांमुळे ते बदनाम झालं, आणि गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१३ मध्ये तिथून गाशा गुंडाळला. गूगल कोड २००६ मध्ये सुरू झालं, २०१५ च्या मार्चमध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं, २०१६ च्या जानेवारीत कुलूप. गूगललाच ते चालवावंसं वाटलं नाही, तर मग कोणाचा भरवसा धरायचा? बिटबकेट चालू आहे, पण तिथे मर्क्युरिअल हे गिटसारखंच दुसरं साधन वापरणाऱ्यांना २०२० मध्ये 'गिट वापरा नाहीतर निघा' असं सांगण्यात आलं. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर लोहित फाँट घ्या. रेड हॅटने पुढे आणलेले, मूळ पुण्यात घडलेले हे फाँट लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने पाहिलेत. त्यांचं घर होतं फेडोराहोस्टेड, फेडोरा या लिनक्सच्या मंडळींची कोड ठेवायची जागा. ते २०१७ मध्ये बंद झालं, मग पॅग्युअर आलं, आणि २०२४ च्या डिसेंबरात फेडोराने पॅग्युअर सोडून फोर्जेयो या कोड ठेवायच्या सॉफ्टवेअरकडे जायचं ठरवलं. यात कोणी वाईट वागलं असं नाही. घरं बदलतातच.

म्हणून मी तुम्हाला एक काम सांगणार आहे, आणि ते तिघांच्या भांडणाच्या आधी करायचं. शब्दांच्या फाइलशेजारी 'निर्णय' नावाची साधी मजकुराची फाइल ठेवा. ज्या शब्दावर वाद झाला तो शब्द, ठरलं काय, आणि का, एवढंच त्यात लिहायचं. उदाहरण तुमच्याच विषयातलं. 'गुरू' एकटा आला की दीर्घ, पण 'गुरुकुल', 'गुरुदक्षिणा'मध्ये ऱ्हस्व. 'कवी' दीर्घ, 'कविमन' ऱ्हस्व. तुम्हाला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण उद्या एखादा सरळमार्गी मुलगा येईल, त्याला यादीत 'गुरू' आणि 'गुरुकुल' शेजारीशेजारी दिसेल, तो म्हणेल दोन्ही बरोबर कसे असतील, आणि भल्या मनाने 'गुरूकुल' करून टाकेल. तुमचा बग ४७ तो असेल. 'निर्णय' फाइल गिटच्या आत असल्यामुळे प्रत्येक प्रतीबरोबर जाईल. घर बदला, मालक बदला, ती टेम्पोतच असेल. वहीतले फोटो आले की तुमच्यापैकी एकाने ते इथे उतरवायचे आणि कळवणाऱ्याचं नाव घालायचं, त्याची संमती असेल तर.

हे झालं की 'कुठे' हा प्रश्न बराच लहान होतो. तरी निवड तर करावीच लागणार.

तुमची यादी किती मोठी? देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, शब्दामागे वीसेक धरले तर सगळी यादी सहाशे केबीच्या आसपास. गिटहब शंभर एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही वगैरे चर्चेशी तुमचा संबंधच नाही. जागेचा प्रश्न बाद. खाजगी-सार्वजनिक हा प्रश्नही बाद, कारण तुम्हाला सगळं उघडंच ठेवायचंय. उरतो एकच प्रश्न: मदत करणारा माणूस कोणत्या दारातून आत येईल?

गिटहबवर १० कोटींहून जास्त खाती आहेत, असं त्यांनी २०२३ च्या सुरुवातीला सांगितलं होतं. एखादी चूक दिसली, पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारली, दुरुस्ती पाठवली, असं करणारा अनोळखी माणूस बहुधा तिथलाच खातेदार असतो. ते खरंच मायक्रोसॉफ्टचं आहे, २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना घेतलेलं, आणि ते सॉफ्टवेअर स्वतः ओपन सोर्स नाही. कोडबर्ग बर्लिनच्या एका नोंदणीकृत संस्थेचं आहे, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतं, नफा हा हेतू नाही, आणि ते चालतं त्या फोर्जेयोचा कोडही खुला आहे. तिथे फक्त मुक्त परवान्याचीच कामं ठेवायची असतात. गिटलॅबची एक आवृत्ती खुली आहे आणि मोठ्या प्रकल्पांना ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवायला आवडते. लिनक्सचे डेस्कटॉप बनवणारे दोन मोठे प्रकल्प, ग्नोम २०१८ मध्ये आणि केडीई २०२० मध्ये, तसे गेले. पण तुमच्यासारख्या चौघांच्या कामाला गिटलॅबचा पसारा फार. तिसऱ्याला सांगा, ऑफिस ऑफिसात.

माझा स्वतःचा कन्व्हर्टर आता कोडबर्गवर आहे. तिथलं वातावरण मला आवडतं, सभासदही झालेय. पण तुम्हाला मी गिटहबच सांगेन. माझ्या कन्व्हर्टरला मदतनीस नकोत, तो झालाय. तुमचा कोश आत्ता कुठे उभा राहतोय आणि त्याला अनोळखी माणसांच्या डोळ्यांची गरज आहे. धाकटीचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. तिला कोडबर्गवरची जुळी प्रत सांभाळायला द्या. गिटमध्ये एकाच रिमोटला, म्हणजे दूरच्या प्रतीला, पाठवण्याचे दोन पत्ते देता येतात, मग एकदा पाठवलं की बदल दोन्हीकडे जातात. ते बसवायला तिला पाच मिनिटं लागतील. वर्षभराने मदतनीस कुठून आले ते बघा आणि मुख्य घर बदलायचं तर बदला. हल्ली फोर्जेयोमध्ये गिटहबवरच्या चर्चाही ओढून घेता येतात. माझ्या वेळी ही सोय असती तर छापखान्याच्या शिव्या वाचल्या असत्या.

अजून काही खास मराठी फटके आहेत, ते कोणतीही सेवा निवडलीत तरी बसणारच.

'दुसऱ्या', 'गोऱ्या' यांतला तो अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो: एक, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, आणि दोन, साध्या र ला हलन्त देऊन त्याच्या पुढे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. गिटला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मग एका दुरुस्तीत चारशे ओळी बदललेल्या दिसतात, डोळे फाडून बघितलं तरी फरक सापडत नाही, आणि दोन विद्यार्थी एकमेकांवर चिडतात. कोणता एक प्रकार ठेवायचा ते आजच ठरवा, 'निर्णय'मध्ये पहिल्या क्रमांकावर लिहा, आणि थोरल्याला एक छोटी तपासणी लिहायला सांगा जी दुसरा प्रकार आत येऊच देणार नाही.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवायची हौस असेल तर गिट ती सुरुवातीला उलट्या तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या स्वरूपात दाखवेल. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. कोअर डॉट कोटपाथ नावाची सेटिंग फॉल्स केली की 'निर्णय' हे 'निर्णय' दिसायला लागतं.

आणि हनस्पेलच्या, म्हणजे शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाच्या, डिक फाइलची (शब्दयादीची) पहिली ओळ. तिथे एकूण शब्दसंख्या असते ना? दोघांनी एकाच दिवशी शब्द घातले की दोघंही ती ओळ बदलतात आणि प्रत्येक वेळी टक्कर होते. तो आकडा अंदाजाने दिला तरी चालतो. तीस हजार लिहून ठेवा आणि विसरून जा.

आता मालकी. हे मी जरा स्पष्ट बोलते. कोश कोणा एका विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात उघडू नका, तो कितीही गुणी असो. गिटहबवर संस्थेचं म्हणून वेगळं खातं फुकट काढता येतं. ते काढा आणि किमान दोघांना मालक करा. कोड पाठवणाऱ्यांना गिटहबने २०२३ पासून दोन टप्प्यांची ओळख सक्तीची करायला घेतली, म्हणजे पासवर्डबरोबर फोनवरचा आकडा. फोन हरवला तर आत जायला एक संकेतांची यादी मिळते. ती छापून बँकेच्या पासबुकात ठेवा. फोनमध्येच तिचा फोटो काढून ठेवणारे मी पाहिलेत. आणि सर, कटू वाटेल, पण गिटहबच्या सेटिंगमध्ये उत्तराधिकारी नेमायची सोय आहे. आपल्यानंतर मृत्यूचा दाखला दाखवून तो माणूस आपली सार्वजनिक कामं ताब्यात घेऊ शकतो. मी माझ्या भाचीचं नाव घातलंय. तिला मराठी शुद्धलेखन येत नाही, पण पासबुक कुठे आहे ते माहीत आहे.

परवान्याची फाइल घालायला विसरू नका. ती नसेल तर कोड उघडा दिसतो पण कायद्याने खुला नसतो, आणि लिब्रेऑफिसवाले त्याला हात लावणार नाहीत. वर्षातून एकदा सॉफ्टवेअर हेरिटेजला आपला पत्ता कळवा. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेलं हे दप्तर जगभरचा खुला कोड जपून ठेवतं, बंद पडलेल्या गूगल कोडवरचाही. तिथेही जपला जातो तो कोडच, त्याभोवतीच्या गप्पा नव्हेत. म्हणून पुन्हा ती 'निर्णय' फाइल.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद ठेवणारं एक ॲप मी बाबांसाठी लिहिलं आणि कोडबर्गवर ठेवलं. प्लेसमेंटचे सर म्हणतात, गिटहबवर रोजच्या कामाच्या हिरव्या चौकटी नसतील तर कंपनी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही. शिवाय मित्र म्हणतात, गिटहबवर ठेवलं की त्यांचा कोड लिहिणारा एआय, कोपायलट, आपला कोड खातो. काय खरं?

उत्तर : हिरव्या चौकटींचं आधी. गिटमध्ये बदलाची तारीख लिहिणारा स्वतःच ठरवतो. मागच्या वर्षीची तारीख टाकून आज बदल करता येतो. त्यामुळे त्या चौकटींत आपलं नाव, बदाम, साप काढणारी पोरं आहेत, आणि तशी तयार साधनंही मिळतात. मुलाखतीला मी बसते तेव्हा ते बघत नाही. काही लोक बघतात, हे सरांचं खरं आहे, आणि त्यांच्याशी वाद घालायची ही वेळ नाही. कोडबर्गवर एक सोय आहे: प्रत्येक बदल आपोआप गिटहबवरच्या प्रतीत ढकलायचा. ती चालू कर, बायोडेटात दोन्ही दुवे दे. सरही खूश.

पण माझ्यासमोर बसलास तर मी विचारेन ते वेगळं. फवारणीच्या नोंदीत काढणीपूर्वीचे दिवस कसे मोजतोस? पाऊस पडून फवारणी वाया गेली तर ती नोंद खोडतोस की तशीच ठेवून शेरा मारतोस? बाबांनी पहिल्या आठवड्यात काय मोडलं? हे तुझ्या रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या ओळख-फाइलमध्ये, असेल तर मी चौकटी मोजायला जाणार नाही. मराठीत लिहिलंस तरी चालेल, वर चार ओळी इंग्रजीत घाल.

दुसऱ्याच्या प्रकल्पात एखादी दुरुस्ती स्वीकारली गेली असेल तर तीही दाखव. आणि सगळं जग गिटहबवर आहे असं समजू नकोस. लिनक्स कर्नलची दुरुस्ती आजही ईमेलने पाठवायची असते, डेबियन या लिनक्सचं साल्सा नावाचं स्वतःचं घर आहे. तिथला एक पॅच हजार चौकटींना भारी.

कोपायलटचं म्हणशील तर वाद खरा आहे. २०२२ च्या जूनमध्ये ते सगळ्यांसाठी विकायला खुलं झालं आणि त्याच महिन्याच्या शेवटी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकेतल्या संस्थेने 'गिटहब सोडा' अशी हाक दिली. त्यांचा आक्षेप मला पटतो. पण सार्वजनिक कोड कोणत्याही दारात ठेव, एआय कंपन्यांचे बॉट, म्हणजे आपोआप कोड वेचणारे प्रोग्रॅम, तिथे पोचतात. कोडबर्गवाले त्यांना अडवता अडवता मेटाकुटीला आलेत. तेव्हा निवड तत्त्वासाठी करायची तर जरूर कर, मीही केलीय. लपायला जागा मिळेल म्हणून करू नकोस.

आणि एक. ॲप बाबा रोज वापरतात ना? मग एक प्रत नेहमी तुझ्या मशीनवर ठेव. २०१४ च्या डिसेंबरात आपल्याच देशात ३२ संकेतस्थळं अडवण्याचा आदेश निघाला होता आणि त्या यादीत गिटहबचंही नाव होतं. काही दिवसांत मिटलं. फवारणी काही दिवस थांबत नाही.

प्रश्न : ताई, म्हापशाला आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे. शाळांसाठी फीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करतो. त्यातला पावत्या छापायचा भाग ओपन सोर्स करतोय. कोणाच्याच उपकारात राहायचं नाही म्हणून ऑफिसातल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर फोर्जेयो बसवलंय. मस्त चाललंय. तुमचं मत?

उत्तर : मस्त चाललंय हे खरं, फोर्जेयो तेवढ्यावर चालतं. तुमच्या तिघांसाठी ते ठेवाच. पण बाहेरच्यांसाठी तेच दार नको. ऑफिसच्या फायबरला स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा पत्ता, आहे का, हे आधी बघा, बहुतेकदा नसतो. आणि असला तर बॉटांची झुंड त्या बिचाऱ्या पायवर येईल. सोर्सहट या अशाच एका सेवेवर २०२४ च्या जानेवारीत हल्ला झाला तेव्हा हेच काम पोटापाण्यासाठी करणारी मुरलेली मंडळी कित्येक दिवस झगडत होती.

बॅकअप आहे, असं तुम्ही मनात म्हणत असाल. गिटलॅबकडे पाच प्रकारचे होते. २०१७ च्या ३१ जानेवारीला रात्री त्यांच्या एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसची फोल्डर पुसायला घेतली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग एकेक बॅकअप उघडून बघितला तर पाचांपैकी एकही धड चालू नव्हता. नशिबाने सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावर निभावलं. कोड वाचला, पण त्या सहा तासांतल्या तक्रारी आणि शेरे गेले. त्यांनी दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. तेव्हा बॅकअप 'घेतो' हे मला सांगू नका. दुसऱ्या मशीनवर तो उघडून शेवटची पावती छापून बघा, आणि छापली ती तारीख भिंतीवर लिहा.

पावत्यांचा भाग कोडबर्गवर ठेवा, तुमच्या फोर्जेयोतून तिकडे आपोआप ढकलता येतो. उपकार वाटत असतील तर त्यांना देणगी पाठवा.

पायमधलं एसडी कार्ड काढून एसएसडी लावा, वीज गेली की कार्डं मरतात आणि पावसाळ्यात तुमच्याकडे वीज किती जाते ते मला सांगायला नको. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर आधी ती बदला.